अर्जाला वजन पाहिजे

सातारच्या हमरस्त्यावरच्या जकात नाक्यावर मधू भुस्कुटे कारकून होता, आणि त्याचं दुखणं एवढंच होतं, की सगळं जग त्याच्या डोळ्यांदेखत मुंबईला जात होतं. कऱ्हाडचा गूळ जात होता, सांगलीची हळद जात होती, घेवडा, शेंगदाणे, मिरच्या, एकदा तर पिंजऱ्यात बसून दोन पोपटही गेले. शहरात न उतरता पुढं जाणाऱ्या मालाचे पास तपासून त्यावर शिक्का मारणं हे मधूचं काम. पासावर मुक्कामाचं ठिकाण लिहिलेलं असे. मशीद बंदर, भुलेश्वर, दाणाबंदर. यातलं काही मधूनं पाहिलं नव्हतं. समुद्रही पाहिला नव्हता. पण दाणाबंदर हा शब्द वाचला की गाडीवाला "रावसाहेब, शिक्का तेवढा" म्हणेपर्यंत तो हात वर धरून तसाच बसलेला असायचा. पोपटांच्या वेळी तर त्याला रीतसर हेवा वाटला.

सेहेचाळीस सालच्या एप्रिलात मुंबईच्या एका कॉमर्स कॉलेजचा छापील अर्ज त्याच्या हातात पडला. मधू सांगलीला मामाकडं राहून इंटर झालेला होता, गुण बरे होते, आणि इंटरवाल्यांसाठी तिथं थोड्या जागा होत्या. नाव, गाव, वय, गुण हे रकाने चहा निवायच्या आत भरून झाले. खाली तीन रकाने उरले. खेळांतील प्रावीण्य, सार्वजनिक कार्य, आणि व्यापारधंद्याचा प्रत्यक्ष अनुभव.

"इकडं आण," त्याचे वडील तात्या म्हणाले.

तात्या मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांनी लोकांचे अर्ज नामंजूर केले आणि निवृत्तीनंतर लोकांना अर्ज लिहून देऊ लागले, त्यामुळं या विषयाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. विहिरीचा हिस्सा, बांधावरची वाट, बंदुकीचा परवाना, तात्यांच्या हातचा अर्ज म्हटला की कचेरीतला माणूस उठून बसे. त्यांनी चष्मा चढवला आणि मधूला विचारलं, "खेळतोस काय?"

"लहानपणी आट्यापाट्या खेळायचो."

'देशी मैदानी खेळांत विशेष गती', तात्यांनी कच्च्या कागदावर लिहिलं. सार्वजनिक कार्यात मधूनं एकदा मेळ्यात पेट्रोमॅक्सची बत्ती धरली होती. तात्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि लिहिलं, 'सार्वजनिक उत्सवातील प्रकाशव्यवस्था सांभाळली.' तिसऱ्या रकान्यापाशी मात्र त्यांचाही टाक थांबला. भुस्कुट्यांच्या घराण्यात व्यापार कुणी केलेला नव्हता. आजोबांनी एकदा म्हैस विकली होती, पण ती परत आली.

त्या सुमाराला शेजारचे भाऊसाहेब शेंडे आले. भाऊसाहेब रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. त्यांचा भाचा मुंबईला असल्यामुळं मुंबईविषयी आळीतलं अखेरचं मत त्यांचं असे. भाचा तिथं काय करतो हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आळीनंही सभ्यपणा राखून विचारलं नव्हतं.

"हल्ली अर्जाला वजन पाहिजे," भाऊसाहेब पाटावर बसत म्हणाले. "गुणांचं काय, गुण कुणालाही पडतात. मुंबईचे लोक अर्ज हातात धरून बघतात. हलका लागला की बाजूला. हा तिसरा रकाना कोरा गेला, तर बाकीचे तुम्ही सोन्यानं लिहिलेत तरी उपयोग नाही."

मधूच्या आईनं आतून विचारलं, "धंदा शिकायलाच तिकडं जायचं ना? मग आधी कसा येईल?"

हा प्रश्न इतका सरळ होता, की तिघांनीही तो ऐकला नाही.

नाक्यावर शिपाई होता मानसिंग कदम, उंब्रजचा. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आला होता आणि कुठल्याही विषयावर त्याच्याकडं इटलीतला एक दाखला तयार असे. मधूनं त्याला रकान्याची अडचण सांगितली.

"मधुराव, त्यात काय एवढं," मानसिंग म्हणाला. "एक डाव माल आणायचा, एक डाव इकायचा. झाला अनुभव. घोंगडी आणू जतची. माज्या पलटणीतला एकजण तिकडचा हाय, त्याचा चुलता गुंडा धनगर. इटलीत थंडी काय लय वाईट. सरकारी कांबळं अंगावर, तरी दात वाजायचं. तवाच म्हटलं हुतं, जतचं घोंगडं पायजे हुतं."

मे महिना तोंडावर आला होता. मे महिन्यात साताऱ्यात घोंगडं कोण घेणार, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. मधूच्या मनात तर फक्त समुद्र होता. मानसिंगची लष्करातली शिल्लक आणि मधूचा पगार मिळून भांडवल उभं राहिलं, आणि 'भुस्कुटे आणि कदम, लोकरीचे व्यापारी' अशी पेढी निघाली. तात्यांनी नाव तपासून 'आणि'च्या जागी 'व' केलं.

रजा काढून दोघं सांगलीला मामांकडं उतरले. मामांचं आयुष्य हळदीच्या वखारीशेजारी गेलेलं. त्यांचं मत पडलं, की घोंगडी हा धंदाच नव्हे, धंदा म्हणजे हळद. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टँडवर पोचवायला आले तेव्हाही हळदच सांगत होते. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. ती चढ आला की थांबे, मग किन्नर उतरून भट्टी ढवळी, आणि उतारू खाली उतरून तिच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघत उभे राहत. जतचा माळ लागला तेव्हा मधूच्या कपड्यांचा रंग नाक्यावरच्या दौतीसारखा झाला होता.

गुंडा धनगर वस्तीवर भेटला. सुकलेला, उंच, बोलायला सावकाश, मराठीत मधूनच कानडी मिसळणारा. त्यानं एक घोंगडं चौघांच्या हातात चार कोपऱ्यांनी धरायला दिलं आणि मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तळ्यासारखं साचून राहिलं. थेंब गळला नाही. मधूला तो चमत्कार वाटला. त्यानं तिथंच ठरवलं, की विक्रीची हीच रीत.

सौदा झाल्यावर सांज झाली. मानसिंग गुंडाच्या घरातल्यांना इटली सांगत बसला. मधू आणि गुंडा बाहेर माळावर बसले. मेंढरं वाघराच्या जाळीत कोंडलेली होती, आणि पार क्षितिजापर्यंत झाड म्हणून नव्हतं. मधूला वाटलं, समुद्र असाच असेल, फक्त ओला.

"मुंबईला कशापायी जाताय?" गुंडानं विचारलं.

मधूनं तोंड उघडलं. भाऊसाहेबांना तो सांगायचा, तात्यांना सांगायचा, अर्जासोबतच्या पत्रात तर सव्वा पान लिहिलं होतं. पण इथं त्यातलं काही लागू पडेना. "इथून सगळं तिकडं जातं," तो शेवटी म्हणाला. "मी नुसता शिक्का मारतो."

गुंडानं मान हलवली, जणू हे कारण पुरेसं होतं. "आमी पाण्यामागं जातो," तो म्हणाला. "म्हातारी म्हणती, एका जागी बस की. पर मेंढरू उठलं की पाय आपसूक उठत्यात. जावा तुमी. पर घरचं माणूस वाट बगतंय, ते इसरू नगा. आमच्यात त्येच लय वंगाळ."

माल घेऊन परतताना संस्थानी हद्दीवरच्या एका चौकीत अडचण आली. कापडावर तेव्हा नियंत्रण होतं आणि परवान्यावाचून कापड हलवता येत नसे. चौकीवरच्या अंमलदारापुढं प्रश्न पडला, की घोंगडं हे कापड की जनावर. कापड असेल तर परवाना पाहिजे. जनावराचा भाग असेल तर ढोरांच्या डॉक्टरचा दाखला. अंमलदार भला माणूस होता. त्यानं जेवण करून विचार केला, मग झोपून केला. दुपार कलल्यावर त्यानं निकाल दिला, की विणलेलं आहे म्हणून जनावर नव्हे, आणि वास येतो आहे म्हणून कापड नव्हे, सबब जाऊ द्यावं. मधूनं हा निकाल लेखी मागितला. व्यापारात अडचणींना तोंड दिल्याचा पुरावा म्हणून त्याला तो अर्जाला जोडायचा होता. तेवढ्यावरून त्यांना आणखी तासभर बसवून ठेवण्यात आलं.

साताऱ्याला माल आला तो मधूच्याच नाक्यावर. त्याच्या जागी बदली कारकून होता जोतीराम, आणि सगळे नियम त्याला मधूनंच शिकवलेले.

"मधुराव, घरगुती वापर लिहितो, जकात माफ," जोतीराम हलक्या आवाजात म्हणाला.

"घरगुती नाही. व्यापारी लिहा. आणि माझ्या नावानं लिहा, पूर्ण नाव."

जोतीरामला वाटलं उन्हानं झालं असेल. त्यानं पुन्हा विचारलं. मधू हटला नाही. जकात भरण्यासाठी भांडणारा व्यापारी त्या नाक्यानं त्याआधी पाहिला नसावा. पावती मिळाली. मधूनं ती घडी न घालता दोन बोटांत धरून घरी नेली, आणि तात्यांनी ती उजेडाकडं धरून बघितली. "तारीख जरा पुसट आहे," ते म्हणाले.

विक्रीचं वर्णन करण्यात अर्थ नाही. आळीतले लोक अंगणात उघड्यावर झोपत होते, पंख्यानं वारा घेत होते, आणि त्यांच्या दारात मधू घोंगडं घेऊन उभा राहत होता. "बरं आहे हो," लोक म्हणत आणि दोन पावलं मागं सरत. वास हा एक मुद्दा होता. घरात माजघरापासून देवघरापर्यंत मेंढ्यांचा कळप वस्तीला आल्यासारखं वाटे. मधूच्या आईनं बिचारीनं मुलाला मदत म्हणून त्यातलं एक घोंगडं कढत पाण्यात सोडा टाकून धुऊन काढलं. ते स्वच्छ झालं, मऊ झालं, आणि थोडं आखडलंही. मधूनं नमुना म्हणून तेच जवळ ठेवलं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या चीफ ऑफिसरांचं बोलावणं आलं. जकातीच्या पावत्या वर जातात, हे खरं तर मधूला ठाऊक असायला हवं होतं. नगरपालिकेच्या नोकरानं परवानगीशिवाय धंदा करायचा नाही असा नियम होता. मधूनं स्वतःच्या धंद्याचा पुरावा स्वतःच्या नाक्यावरून, स्वतःच्या पूर्ण नावानिशी पाठवला होता.

चीफ ऑफिसर शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कॉलेज, रकाना, भाऊसाहेब, इटली, जत. मधूच्या काखेतल्या वळकटीकडं बघून ते म्हणाले, "माल तरी चांगला आहे का?"

या एका कुतूहलानं घात केला. मधूचा चेहरा उजळला. त्यानं घोंगड्याचे दोन कोपरे चीफ ऑफिसरांच्या हातात दिले, दोन आपण एकाच मुठीत धरले, आणि मेजाच्या बरोबर वर ते ताणून मोकळ्या हातानं फुलपात्रातलं पाणी मधोमध ओतलं. पाणी साचलं. मधूनं मान वर केली. आईच्या सोड्यानं लोकरीचं काय केलं होतं हे त्यानंतर कळलं. पाणी एकदम, एका धारेत, दिवाबत्तीच्या खर्चाच्या मंजुरीवर पडलं.

चीफ ऑफिसर रागावले नाहीत. त्यांनी फायली उचलल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या, आणि म्हणाले, "भुस्कुटे, तुम्ही खरंच जा मुंबईला." त्यांच्या आवाजात थोडी कळकळ होती, असं मधूला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी लेखी ताकीद आली. मधू ती घेऊन मान खाली घालून घरी आला. तात्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्म्यामागं त्यांचे डोळे चमकले.

"'आपण आपल्या नावाने, भागीदारासह, परस्थळाहून माल आणून घोंगड्यांचा व्यापार केला, हे चौकशीअंती सिद्ध झाले आहे,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मधू, चौकशीअंती सिद्ध. जावक क्रमांकासकट. सगळं साताऱ्यातलं व्यापारी मंडळ सही करून बसलं, तरी याच्यासारखा दाखला मिळायचा नाही."

भाऊसाहेबांनीही ताकीद तळहातावर ठेवून बघितली आणि वजन आहे असं सांगितलं.

"आता याच्यावर अपील करू," तात्या म्हणाले. "अपिलात कायम झालं, म्हणजे मग तोड नाही."

"अपिलाला किती दिवस लागतात?"

"दिवाळीपर्यंत सहज होतं."

"तात्या, कॉलेज जूनमध्ये सुरू होतं."

"घाईनं अर्ज बिघडतात," तात्या म्हणाले. हे ते एप्रिलपासून म्हणत होते. अर्ज पुरा होत आला, की त्यांना त्यात काहीतरी कमी दिसे. एकदा सोबतच्या पत्राचा समास लहान वाटला, एकदा 'सेवेशी' की 'यांस' यात दोन दिवस गेले, एकदा त्यांनी जन्मतारखेबद्दल आईची साक्ष घेतली. मधूला वाटे, तात्यांसारखा काटेकोर माणूस नाही. शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी मूळ अर्ज त्यानं स्वतःच, तिसरा रकाना कोरा ठेवून, टपालात टाकला होता. आता ताकीद, पावती, पेट्रोमॅक्सबद्दल मेळ्याच्या चिटणिसांचं पत्र, सगळं पुरवणी म्हणून पाठवायचं होतं. तात्यांनी पुडकं बांधलं, वर लाखेचा ठिपका दिला, आणि पोस्टात जाताना मधूबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत आले. तिथून त्यांना काहीतरी काम आठवलं.

घोंगडी मानसिंगनं उंब्रजला नेली आणि पेरणीच्या तोंडाशी शेतकऱ्यांना विकून टाकली. एक उरलं ते भाऊसाहेबांनी कंबरदुखीवर घेतलं. भुस्कुटे व कदम यांची पेढी अशी सन्मानानं बंद झाली. मानसिंगला धंद्याची गोडी लागली होती. पुढच्या खेपेला भागीदार कोण, या काळजीत तो नाक्यावर गाडीवाल्यांना न्याहाळत बसू लागला. "मधुराव, तुमी गेल्यावर हितं बोलायला मानूस न्हाई," तो एकदा म्हणाला आणि लगेच इटलीतल्या एका खेचराची गोष्ट सांगू लागला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एकाच टपालानं मुंबईहून दोन गोष्टी आल्या. एक पाकीट आणि एक पुडकं. पाकिटात चार ओळी होत्या. इंटरचे गुण पाहून प्रवेश देण्यात येत आहे. मूळ गुणपत्रिका घेऊन हजर व्हावे. वसतिगृहासाठी पालकांची लेखी संमती पाठवावी. पुडक्यावर शेरा होता, की पुरवण्या स्वीकारल्या जात नाहीत. तात्यांनी मारलेली गाठ जशीच्या तशी होती. लाखही फुटली नव्हती.

मधू ओटीवर उभाच राहिला. मुंबई त्याला मिळाली होती, आणि मिळाल्यावर तिचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं पत्र आईला वाचून दाखवलं. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि स्वैपाकघरात गेली. भाऊसाहेबांनी आपल्या भाच्याचा पत्ता लिहून दिला, मग जरा थांबून म्हणाले, "हा जुना आहे. भेटला तर त्याला म्हणावं, मामा विचारतात." एवढं बोलून ते आज न बसताच गेले.

तात्या पुडक्याची गाठ सोडत होते. ती त्यांची स्वतःची होती, तरी सुटायला वेळ लागला.

"बघितलंसुद्धा नाही त्यांनी," मधू म्हणाला. त्याला तात्यांसाठी वाईट वाटलं, स्वतःपेक्षा जास्त.

"न बघता मंजूर झालं, म्हणजे मूळ अर्ज भक्कम होता," तात्या म्हणाले. "चल. संमती लिहायची ना?"

त्यांनी कोरा कागद घेतला, समास आखला, तारीख घातली, कॉलेजाच्या प्रिन्सिपॉलांना मायना घातला. मग टाक तसाच हातात राहिला. उभ्या तालुक्याचे अर्ज लिहिलेला माणूस एका ओळीसाठी अडून बसला. मधू समोर बसला होता. आई दारात येऊन उभी राहिली.

"अहो, लिहा ना," ती म्हणाली. "संमती आहे, एवढंच तर लिहायचं."

"एवढंच नसतं," तात्या म्हणाले. "'मुलास मुंबईस पाठवण्यास माझी संमती आहे,' असं लिहायचं, की 'सोडण्यास'?"

"त्यात काय फरक?"

"फरक आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते मधूकडं न बघता कागदाकडं बघत बोलत होते. "कचेरीतला माणूस कामाला म्हणून बाहेरगावी पाठवला, तर त्याचं नाव हजेरीत आपल्याकडंच राहतं. त्याची जागा तशीच असते, दुसरं कुणी बसत नाही. सोडला म्हणजे मग तिकडचा झाला. नाव कमी होतं. म्हणून आधी विचारून घ्यावं लागतं."

बाहेर रस्त्यावरून एक मालमोटार पुण्याकडं गेली. मधूनं तिच्याकडं बघितलं नाही.

"पाठवण्यास लिहा, तात्या," तो म्हणाला.

"मला काय, मी दोन्ही लिहीन. तुझ्या माहितीसाठी विचारलं."

"पाठवण्यासच लिहा."

तात्यांनी टाक दौतीत बुडवला, जास्तीची शाई काठावर निथळली, आणि सबंध ओळ एका दमात लिहून काढली. खाली सही केली. टीपकागद शेजारीच पडला होता, पण त्यांनी तो घेतला नाही. शाई आपोआप वाळेपर्यंत कागद त्यांनी आपल्याच हातात ठेवला.